बक्षिसाला लेखाशीर्ष नाही

सत्तावीस मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. माझं सगळं उलटंपालटं झालं ते त्या मिनिटाला. आणि फार लांब नाही, या हॉलच्या बरोबर वरच्या मजल्यावर, खिडकीकडच्या तिसऱ्या टेबलावर.

हो मामा, हो. आमचे हेडक्लार्क मामा पहिल्या रांगेतून खुणावताहेत की आधी संबोधन. बरोबर आहे. आपल्या खात्यात मायन्याशिवाय कागद पुढे सरकत नाही, मग माणूस कसा सरकणार?

तर आजच्या समारंभाच्या सन्माननीय अध्यक्षा, सहसचिव महोदया. आजचे सत्कारमूर्ती, अर्थसंकल्प शाखेचे आमचे उपसचिव साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या, या इमारतीत आज पहिल्यांदाच आलेल्या आणि 'यासाठी का हे रोज उशिरा घरी यायचे' अशा नजरेनं छताकडे बघणाऱ्या काकू. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. समोर बसलेले माझे वरिष्ठ. आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे कंत्राटी भाऊबंद. सगळ्यांना नमस्कार.

कंत्राटी कर्मचाऱ्यांतर्फे दोन शब्द बोलायला मला सांगितलंय. मामांनी काल बजावलं, "दोन म्हणजे दोनच. तुझं तोंड सुटलं की कुणाच्या बापाला आवरत नाही." मामा, आज थोडे जास्त होणार आहेत. मी घड्याळ समोर ठेवलंय. आत्ता पाच वाजून पाच मिनिटं झाली आहेत. पावणेसहाला कार्यालय सुटतं. पावणेसहाला आमचे साहेब निवृत्त होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच मिनिटाला दुसरंही एक माणूस घरी जातं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तिच्यासाठी हॉल नाही, गुच्छ नाही, माझ्यासारखा बोलभांड वक्ताही नाही. तिच्याबद्दल बोलल्याशिवाय मला साहेबांबद्दल खरं बोलता येणार नाही.

पण आधी साहेब.

मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. सोडलं म्हणजे काय, एका प्राध्यापकांना भर वर्गात म्हणालो, की सर, तुमच्या वह्या पिवळ्या पडल्यात, निदान कव्हर तरी बदला. माफी माग म्हणाले. नाही मागितली. घरी वडील सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत, आई जेवायला वाढताना ताट जरा जोरात ठेवायची. मग एका एजन्सीनं मला इथे चिकटवलं. कामाचं नाव 'मदत कक्ष'. म्हणजे एक टेबल, एक फोन आणि मी. राज्यभरातली कार्यालयं पुढच्या वर्षाची मागणी ज्या तक्त्यात भरतात, तो भरताना कुणाचं घोडं अडलं की माझा फोन वाजायचा.

चौथ्या दिवशी एक गृहस्थ टेबलापाशी येऊन उभे राहिले. साधा शर्ट, खिशाला शाईचा डाग. विचारलं, "काय, कसा आहे तक्ता?"

म्हटलं, "ज्यानं कुणी बनवलाय ना, त्याला जन्मात स्वतः एक फॉर्म भरावा लागलेला नाही."

ते म्हणाले, "मीच बनवलाय."

मला वाटलं, आटोपलं. पण साहेब खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मग बस, आणि नीट बनव." अडीच वर्षं झाली. त्या दिवसापासून आजपर्यंत या माणसानं माझ्या उद्धटपणाला कधी उद्धटपणा म्हटलं नाही. 'अभिप्राय' म्हटलं. माझ्या वडिलांनाही हे जमलेलं नाही.

बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो, की राज्याचा अर्थसंकल्प म्हणजे काही फार गूढ वस्तू नाही. गेल्या वर्षीचा आकडा घ्यायचा, त्यात दहा टक्के मिळवायचे, खाली सही. हा आकडा मुळात का होता, हे विचारायचं नसतं. ते विचारणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत वय विचारण्यासारखं. आणि दुसरी गोष्ट मार्च महिना. वर्ष संपताना हातात पैसा उरला तर तो परत जातो आणि पुढच्या वर्षी तेवढा कापला जातो. म्हणून शेवटच्या आठवड्यात जे दिसेल ते विकत घेतलं जातं. एका कार्यालयानं चाळीस माणसांसाठी तीनशे खुर्च्या घेतल्या. हसू नका, पुढे ऐका. पुढच्या वर्षी त्यांनी मागणी केली, खुर्च्या ठेवायला गोदाम भाड्यानं हवंय. नाकापेक्षा मोती जड! आणि ती मंजूर झाली, कारण गेल्या वर्षीचा खर्च शंभर टक्के होता. ज्याचा खर्च शंभर टक्के, तो कार्यक्षम. आपल्याकडे याच एका आकड्यावर माणूस पास-नापास होतो.

साहेबांना हे बदलायचं होतं. उंटावरून शेळ्या हाकणारे सुधारक पुष्कळ पाहिले, हे तसले नव्हते. यांनी तक्त्यात एक रकाना वाढवला. त्याचं नाव 'का?'. प्रत्येक खर्चासमोर एका ओळीत कारण लिहायचं. बस्स. राज्यभर हाहाकार झाला. मला दिवसाला सत्तर फोन. उत्तरं काय यायची? 'गेल्या वर्षी होते म्हणून.' 'वरून सांगितले म्हणून.' एकानं लिहिलं, 'कृपया आपणच सांगावे.' साहेब प्रत्येक उत्तर वाचायचे. रागवायचे नाहीत. म्हणायचे, "अरे, तीस वर्षांत त्यांना हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलंय. जरा वेळ दे."

मग साहेबांनी दोन परिपत्रकं काढली. एक ऑगस्टमध्ये, एक नोव्हेंबरमध्ये. ऑगस्टचं असं, की ज्या बाबीत निम्म्याहून जास्त पैसा न वापरता पडून राहतो, ती बाब निरुपयोगी समजून पुढच्या वर्षी बंद करावी. उद्देश चांगला. मेलेल्या योजना वर्षानुवर्षं पैसे अडवून बसतात, त्यांची साफसफाई व्हावी. नोव्हेंबरचं असं, की जे कार्यालय काटकसर करून पैसे वेळेत परत करील, त्याला त्यातले निम्मे पुढच्या वर्षी बक्षीस म्हणून मिळतील. हाही उद्देश चांगला. दोन्ही मी टाइप केली, दोन्ही मी तक्त्यात बसवली. आणि दोन्ही एकमेकांच्या छाताडावर बसतात हे मला दिसलं नाही, साहेबांना दिसलं नाही, ज्या अकरा जणांनी त्यांवर सह्या केल्या त्यांनाही दिसलं नाही.

आता ती.

एका सरकारी दवाखान्यात कान तपासायचं केंद्र आहे. तिथे एक तंत्रज्ञ आहे, कंत्राटी. गाडीतून शाळाशाळांत जाते, मुलांचे कान तपासते. आमच्या शाखेत तिला सगळे 'कानवाल्या बाई' म्हणतात, कारण ती फार फोन करायची. ती मला नावानं हाक मारत नाही. पहिल्या फोनला मी म्हणालो होतो, "नमस्कार, मदत कक्ष." तेच माझं नाव पडलं. पुढे फोन आला की, "काय हो मदत कक्ष, आज मदत आहे का नुसताच कक्ष?"

चार महिने मी तो आवाजच ऐकत होतो. मग प्रशिक्षण द्यायच्या निमित्तानं तिच्या केंद्रात गेलो. खरं सांगायचं तर प्रशिक्षणाची कुणाला गरज नव्हती, तिचा तक्ता राज्यात सर्वात नीटनेटका असायचा. तिनं मला त्या काचेच्या खोलीत बसवलं, कानांना यंत्र लावलं, म्हणाली, आवाज आला की बटण दाबा. मी काचेतून बघत राहिलो. बाहेर आल्यावर कागद बघून म्हणाली, "तुम्हाला ऐकायला कमी येतं, का तुमचं लक्ष कमी आहे?"

काकू, तुम्ही हसलात. बरं वाटलं.

त्याच दिवशी तिनं एक सहा वर्षांची पोरगी दाखवली. शाळेनं तिला 'मंद' म्हणून मागच्या बाकावर टाकलं होतं. तिला फक्त उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं आणि वर्गातल्या बाई कायम उजवीकडून बोलायच्या. बाक बदलला, सहा महिन्यांत पोरगी वाचायला लागली. याला खर्च किती आला? अध्यक्षा महोदया, शून्य. आपण सगळे ज्याला कार्यक्षम खर्च म्हणतो, ज्यावर परिषदा भरवतो, तो मी त्या खोलीत डोळ्यांनी बघितला. आमच्या तक्त्यात त्यासाठी एकही रकाना नाही.

तर, तिच्या केंद्राला 'यंत्रे व कंत्राटी सेवा' या एका बाबीत पंधरा लाख मंजूर होते. अकरा लाख साठ हजार नव्या यंत्राचे. तीन लाख चाळीस हजार तिचा वर्षाचा पगार. डिसेंबरात तिचा फोन आला. "ऐका ना, जुनं यंत्र मी उघडून बघितलं. एक भाग गेलाय. अठरा हजारांत होतंय, अजून पाच वर्षं चालेल. नवं कशाला घ्यायचं?"

म्हटलं, "मग पैसे परत करा. नवीन परिपत्रक वाचलंत ना? निम्मे तुम्हालाच मिळतील."

ती म्हणाली, "इथे सगळे मला वेड्यात काढताहेत. म्हणतात, सरकारला पैसे परत करणारी ही पहिलीच. नक्की मिळतील ना?"

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "माझी गॅरंटी."

मला त्या वेळी महिन्याला एजन्सीकडून पगार वेळेवर मिळेल याचीसुद्धा गॅरंटी नव्हती.

तिनं दुरुस्तीचे अठरा हजार वजा करून अकरा लाख बेचाळीस हजार परत केले. राज्यात एकूण एकेचाळीस कार्यालयांनी पैसे परत केले. साहेबांनी त्या दिवशी शाखेत सगळ्यांना चहा पाजला, आठवतं? टेबलावर हात आपटून म्हणाले होते, "लोक प्रामाणिक असतात रे, फक्त कुणीतरी त्यांना सांगावं लागतं की चालेल."

मग मार्च आला. बक्षीस द्यायची वेळ आली, तेव्हा कळलं की बक्षिसाला लेखाशीर्षच नाही. पाहुण्यांसाठी सांगतो, लेखाशीर्ष म्हणजे पैशाचं दार. त्या क्रमांकाशिवाय सरकारी पैसा कुठेही जाऊ शकत नाही. काटकसर करणाऱ्याला काही द्यायचं असतं, ही कल्पनाच कुणी कधी केली नव्हती, तर त्यासाठी क्रमांक कुठून असणार? दंडाला आहे. व्याजाला आहे. चुकून जादा दिलेल्या पैशाच्या वसुलीला तर दोन आहेत. साहेबांनी नवीन क्रमांकासाठी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं, 'प्रस्ताव स्तुत्य आहे. पुढील वर्षी विचार करता येईल.'

आणि सत्तावीस मार्चला, चार वाजून दहा मिनिटांनी, मी पुढच्या वर्षाचा अंतिम तक्ता चालवला. मीच बसवलेला ऑगस्टचा नियम जागा झाला. पंधरा लाखांतले अकरा लाख बेचाळीस हजार वापरले नाहीत, म्हणजे निम्म्याहून जास्त. बाब निरुपयोगी. बंद. तिच्या ओळीत शून्य आलं. तिचा पगार त्याच बाबीत होता. एकेचाळीसपैकी सतरा कार्यालयांत असंच शून्य आलं, सतरा कंत्राटी माणसं गेली. आणि तीनशे खुर्च्यावाल्यांना दहा टक्के वाढ. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते मी माझ्या बोटांनी केलं. एन्टर दाबून.

तक्ता त्याच संध्याकाळी छापायला गेला. गेला तो गेला. सतराही जणांना दोन महिन्यांची मुदतवाढ मिळाली. ती आज संपते. आज संपली की पद रद्द होतं, आणि रद्द झालेलं पद परत उभं करायला मंत्रिमंडळ लागतं. कान तपासणाऱ्या एका बाईसाठी मंत्रिमंडळ कधी बसेल, तुम्हीच सांगा.

एक वाट होती. साहेबांच्या खुर्चीला एक अधिकार आहे. वर्ष चालू असताना राखीव पैशातून एखादी बंद झालेली बाब, पद रद्द व्हायच्या आत, जिवंत ठेवता येते. एक सही पुरते. मी टिपणी लिहिली. एकट्या तिच्यासाठी नाही, सतराही जणांसाठी. तिचं केंद्र अकराव्या ओळीत आहे. मामा परवा म्हणाले, "अरे गाढवा, तिची एकटीची केली असतीस तर एप्रिलमध्येच निघाली असती. एक काम सगळे करतात. सतरा म्हटली की धोरण होतं." मामा, तुमचं खरं होतं. पण तिनं एकटीचं घेतलं नसतं, हेही खरं आहे.

टिपणी एप्रिलपासून सहा टेबलं फिरली. चौथ्या टेबलावर शेरा बसला. वाचून दाखवतो. 'रक्कम परत केली, त्याअर्थी गरज नव्हती. गरज नव्हती, तर आता का आवश्यक आहे, याचा खुलासा व्हावा.' ज्यांनी हा शेरा लिहिला ते तिसऱ्या रांगेत बसलेत. तुमच्यावर राग नाही हो, काका. होता. दोन आठवडे होता, जिन्यात तुम्हाला बघून वाट बदलायचो. पण तुम्ही नियमाप्रमाणेच विचारलंत. इथे सगळे नियमाप्रमाणेच वागतात. वाईट माणूस शोधत मी सहाही टेबलांवर गेलो. एकही सापडला नाही. तेव्हापासून मला झोप लागत नाही.

मधे एकदा मी तिला भेटायला गेलो. शून्याचं सगळं सांगितलं. आणि मूर्खासारखं त्याच बैठकीत दुसरंही सांगितलं, जे सांगायला मला मुळात जायचं होतं. ती यंत्रावर कापड घालत होती. वळली नाही. म्हणाली, "मदत कक्ष, तुम्ही मला फोनवर जे जे सांगितलं ते मी खरं धरलं. आता तुम्ही आणखी एक गोष्ट सांगताय. मी काय करू, तुम्हीच सांगा."

मी कापडाचं दुसरं टोक धरलं. यंत्र झाकून झालं, तसा निघालो.

तिला दुसऱ्या शहरात एका दुकानात काम मिळालंय. कानाची यंत्रं विकायची, विक्रीवर टक्केवारी. घरचे म्हणतात, सरकारी भरवसा पुरे. तिनं मला एवढंच सांगितलंय, की पद राहिलं तर मी राहीन. बाकीचं मग बघू. 'बाकीचं मग बघू' या तीन शब्दांवर मी गेला महिना काढलाय.

साहेब, टिपणी आज दुपारी सहाव्या टेबलावरून सुटली. ही माझ्या हातात आहे. तुम्ही त्या वेळी सगळ्या शाखांचा निरोप घेत फिरत होतात. मी तीन मजले तुमच्या मागे धावलो, प्रत्येक दारात लोक तुमच्याभोवती, हातात फोन, फोटो. म्हणून इथे बोलतोय. पाच वाजून बावीस. तेवीस मिनिटं आहेत. अध्यक्षा महोदया, मी व्यासपीठावर येतोय. शिष्टाचारात बसत नाही, क्षमा असावी.

साहेब, शेवटच्या पानावर, खाली उजवीकडे.

...

साहेब काय म्हणाले ते मागे ऐकू गेलं नसेल. साहेब म्हणाले, "हे माझ्यापर्यंत यायला आजचा दिवस उजाडला?" आणि म्हणाले, "पेन दे."

टाळ्या नंतर हो, टाळ्या नंतर!

काय झालं मामा? उठलात का? बोला. नाही, तसं हातवारे करून नको, बोला.

...

बरं.

मागे उभ्या असलेल्यांसाठी सांगतो. मामा म्हणतात, साहेबांनी सही करून उपयोग नाही. साहेबांनी पदभार सकाळीच सोडलाय. नेहमी तो कागद कार्यालय सुटताना होतो. पण आज कार्यक्रम, पाहुणे, फोटो, काकू येणार, साहेबांना धावपळ नको, म्हणून मामांनीच प्रेमानं तो सकाळी अकराला उरकला. आणि साहेबांनी सवयीनं सही केली. म्हणजे अकरा वाजल्यापासून आमचे साहेब या इमारतीत पाहुणे आहेत. नवे साहेब सोमवारी येतात. आत्ता ते गाडीत आहेत.

अध्यक्षा महोदया, आपल्याला तर... हो. कळलं. महोदया म्हणताहेत, त्यांना वरून सही करता येते, पण खालच्या खुर्चीनं शिफारस केली तरच. आणि खालची खुर्ची आज रिकामी आहे.

मामा, रडू नका हो. तुमच्या मनात काय होतं मला माहीत आहे. बसा. कुणीतरी पाणी द्या त्यांना.

साहेब, तुम्ही तरीही सही करतो म्हणताय. नको. ती खोटी ठरेल, आणि तुमची चौतीस वर्षांतली एकही सही खोटी नाही. निवृत्तिवेतनाची चौकशी लागेल ती वेगळी. टोपण लावा पेनाला. तुम्ही 'पेन दे' म्हणालात, ते मी तिला सांगीन. त्यानं पद वाचत नाही, पण सांगीन.

मला इथे खरं तर असं म्हणायचं होतं, की साहेबांनी लावलेलं रोपटं आम्ही वाढवू. लिहून आणलंय, हा कागद बघा. नाही म्हणवत. 'का?' चा रकाना पुढच्या वर्षीच्या तक्त्यातून काढायचा आदेश आलाय, कालच. कारण दिलेलं नाही. पुढच्या डिसेंबरात एखादं कार्यालय फोन करील, पैसे उरलेत, परत करू का? तेव्हा या शाखेतला जो कुणी फोन उचलेल, त्यानं काय सांगावं, हे मला आज विचारू नका. मी तो नसेन. एजन्सीला मी दुपारीच कळवलंय.

साहेब, तुम्ही मला माणसासारखं काम करायची सवय लावलीत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. काकू, आता हे वेळेवर घरी येतील. सकाळी पेपर वाचताना कडेला पेन्सिलीनं 'का?' लिहायला लागले तर लिहू द्या. अध्यक्षांनी आणि आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. मी मर्यादा सोडून बोललो, व्यासपीठावर चढलो, एका खाजगी गोष्टीनं भर सभेत तुमचा वेळ घेतला. वयाकडे आणि डोक्याकडे बघून पोटात घाला.

ती आज एका शाळेत, सुट्टीतल्या शिबिरात शेवटची तपासणी करतेय, पावणेसहाला सुटेल. हे मला तिला समोर उभं राहूनच सांगायचंय, म्हणून गुच्छाच्या कार्यक्रमाला थांबत नाही.

तुम्ही बसा सगळे. एसी चालू आहे, सरकारी वीज आहे. जाताना दार मी लावून घेतो.